नेवाशाच्या ओव्यांना कोणी कोणी चाली लावल्या

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीची शाळेच्या परिपाठात पसायदान म्हणायला निवड झाली. आवाज बरा आहे तिचा. गॅदरिंगच्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या एका पालकाने अगदी साध्या मनाने विचारले, "तुमच्यात चालतं का हो हे?" मी हसून वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात घरी आलेल्या एका नातेवाइकाने मोबाइलवर तिचा व्हिडिओ पाहिला आणि तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला, "भाईजान, हे आपल्यात बसतं का?"

दोघांनाही मी तेव्हा उत्तर दिले नाही. मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. मुलगी ज्या चालीत पसायदान म्हणत होती ती चाल आली कुठून? ज्ञानेश्वरांनी तर ती लावली नव्हती. शब्द तेराव्या शतकातले, आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाचे. चाल विसाव्या शतकातली. मधल्या सातशे वर्षांत या शब्दांना कोणाकोणाचे गळे आणि कोणाकोणाचे हात लागले हे शोधत गेलो, तेव्हा लक्षात आले की दोघांच्या प्रश्नाचे उत्तर त्या चालींच्या इतिहासातच आहे.

नगरहून औरंगाबाद रस्त्याने साठेक किलोमीटर गेले की नेवासे. (जिल्ह्याचे आणि त्या शहराचे, दोघांचीही नावे आता बदलली आहेत, पण माझ्या पिढीच्या जिभेची सवय जाता जाता जाईल.) प्रवरेच्या काठी एका मंदिरात एक दगडी खांब आहे. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. त्याला पैस खांब म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या एका पुस्तकाला 'पैस' हेच नाव दिले होते. शके 1212, म्हणजे सन 1290. देवगिरीवर रामदेवराव यादवांचे राज्य होते आणि अलाउद्दीन खिलजीची स्वारी यायला अजून सहा वर्षे होती. तिकडे दिल्लीत अमीर खुसरो ऐन भरात होता. आपण या दोघांना वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो म्हणून ते एकाच काळातले होते हे सहसा लक्षात येत नाही.

ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजार ओव्यांची आहे. ओवी हा मुळात गाण्याचा प्रकार. माझी नानी शेवगावकडची. जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि त्यात पंढरीचा विठ्ठलही यायचा, मढीचा कान्होबाही यायचा आणि गावच्या पिराचा उरूसही. ही झाली कंठातली ओवी. ज्ञानेश्वरांनी तीच घेतली आणि ग्रंथात बसवली. तीन चरण यमकाचे, चौथा आखूड, मोकळा. साडेतीन चरणी म्हणतात तिला. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःच आपल्या ओवीबद्दल सांगून ठेवले आहे. तिचा आशय असा: गायली तर ती गाण्याला शोभा आणते, आणि गाण्यावाचूनही आपला रंग दाखवते. कवीने आपल्या कवितेला चाल लागली तरी चालेल आणि नाही लागली तरी चालेल अशी परवानगीच देऊन ठेवली आहे. पुढच्या लोकांनी ती दोन्ही प्रकारे वापरली. पारायणात ज्ञानेश्वरी वाचली जाते, आणि तिच्यातले शेवटचे नऊ ओव्यांचे मागणे, म्हणजे पसायदान, गायले जाते.

पण ज्ञानेश्वर गाण्यात आले ते आधी ओव्यांनी नाही, अभंगांनी. वारकऱ्यांचे भजन कधी सुरुवातीपासून ऐकले असेल तर ठाऊक असेल की आरंभी रूपाचा अभंग होतो. तो ज्ञानेश्वरांचा. रोज संध्याकाळी गावोगावच्या देवळात हरिपाठ होतो, तोही त्यांचा. या गाण्याला संगीतकार नसतो. तिथे 'चाल' असते, आणि चाल कोणाच्या मालकीची नसते. याचे कारण अभंगाच्या मापात आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची मांडणी असते. छोट्यात आठ-आठ. माप एकच असल्यामुळे एक चाल शंभर अभंगांना चालते. तुकोबांच्या अभंगाची चाल उचलून नामदेवांच्या अभंगाला लावली तर कुठेही ओढाताण होत नाही. विणेकरी उभा राहतो, पखवाज भजनी ठेका धरतो, टाळ वाजतात आणि ज्याला जी चाल येते ती तो सुरू करतो. मागचे धरून घेतात. ज्याला वाचता येत नाही तोही दोन ओळींत सामील होतो. या व्यवस्थेत शब्द कवीचे असतात आणि सूर सगळ्यांचे. म्हणूनच ती इतकी टिकली.

असेच दुसऱ्या टोकाला घडले आहे, म्हणून थोडे लांबचे सांगतो. स्कॉटलंडचा रॉबर्ट बर्न्स (1759–1796) हा शेतकऱ्याच्या घरातला कवी. त्याने खूपशी गाणी आधीच्या लोकधुनांवर शब्द बसवून केली. म्हणजे आधी चाल, मग कविता. एडिंबराच्या जॉर्ज थॉमसन नावाच्या संपादकाने पुढे स्कॉटलंडच्या या धुना हायडन आणि बेटोव्हेनसारख्या मोठ्या संगीतकारांकडे पाठवल्या आणि त्यांच्याकडून वाद्यांची साथ लिहून घेतली. गंमत अशी की बेटोव्हेनला बऱ्याचदा नुसती धून मिळायची, शब्द नाहीत. त्याने त्याबद्दल कुरकुरही केली. पुढे जर्मनीत शूमानने भाषांतरित बर्न्सला स्वतःच्या चाली दिल्या, रशियात शोस्टाकोविचने दिल्या. सरत्या वर्षाला निरोप देताना जगभर जे गाणे म्हणतात ते बर्न्सचेच. पण आज सगळ्यांना ठाऊक असलेली त्याची धून थॉमसनने बर्न्सच्या मृत्यूनंतर 1799 मध्ये छापली. बर्न्सच्या शब्दांबरोबर आधी वेगळी धून छापली गेली होती. आणि ही नंतरची धून रवींद्रनाथांनी उचलून बंगालीत आपले गाणे केले. चाली अशा हिंडतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही.

आता परत आपल्याकडे. भजनी चाल आणि संगीतकाराची चाल यांतला फरक आपल्याकडे ठळक झाला तो तबकडी आणि बोलपटामुळे. संगीतकाराची चाल एकाच कवितेसाठी बेतलेली असते. ती दुसऱ्या अभंगाला लावता येत नाही. ती गायला तयारीचा गळा लागतो आणि ऐकणारा गप्प बसून ऐकतो.

'प्रभात'ने 1936 मध्ये 'संत तुकाराम' काढला आणि 1940 मध्ये 'संत ज्ञानेश्वर'. दोन्हींचे संगीत केशवराव भोळ्यांचे, दोन्हींचे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या जोडीचे. हे फत्तेलाल म्हणजे कागलचे साहेबमामा. जन्माने मुसलमान, हाताने चित्रकार, बाबुराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले आणि 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात कंपनीचे एक मालक. 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. इंद्रायणीचा काठ, देहूचे घर, आळंदीची वाट पडद्यावर कशी दिसावी हे ठरवणाऱ्यांत एक डोळा साहेबमामांचा होता. मराठी घरांतल्या भिंतींवर तुकोबा-ज्ञानोबांची जी चित्रे दिसतात, त्यांच्यावर त्या डोळ्याची छाया आहे असे मला नेहमी वाटते.

आणि पडद्यावरचा ज्ञानेश्वर? तो आपल्या नगरचा. शाहू मोडक, जन्म 1918, अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. पुढे त्यांनी कृष्णाच्या भूमिका इतक्या केल्या की लोक त्यांना रस्त्यात नमस्कार करत. ज्या नगरच्या ख्रिस्ती समाजातून ते आले, त्याला अभंग काही परका नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) नगरला आणि राहुरीला राहिले आणि त्यांनी येशूची भजने अभंगात लिहिली. विलायती हिम्सच्या चालींना कंटाळलेल्या मंडळींनी ती टाळ-मृदंगावर म्हटली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत. तेव्हा 1940 मध्ये नेवाशाच्या कवीची गोष्ट पडद्यावर आली ती अशी: दिग्दर्शकांच्या जोडीत एक मुसलमान, नायक नगरचा ख्रिस्ती, संगीत भोळ्यांचे. त्या वेळी कोणी "तुमच्यात चालतं का" असे विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. विचारले असेलही. लोक तेव्हाही लोकच होते.

भोळ्यांनी एक शहाणपणा केला. त्यांनी चित्रपटातल्या संतांना नाटकी तानांतून सोडवले आणि भजनाच्या जवळ ठेवले. इतके जवळ, की 'संत तुकाराम'मधले शांताराम आठवल्यांनी नव्याने लिहिलेले एक गाणे तुकोबांचाच अभंग आहे असे भल्या भल्यांना वाटले. चाल अस्सल लागली की शब्दांना वयही मिळते.

यानंतरचा टप्पा पंडित हृदयनाथ मंगेशकरांचा. मला याविषयी जरा जास्त बोलायचे आहे, कारण आमच्या घरात ज्ञानेश्वर आले ते याच वाटेने. अब्बा एस.टी.त नोकरीला होते. पहाटेची ड्यूटी असली की अम्मी साडेचारला उठायची. चुलीवर चहा, कोपऱ्यात रेडिओ. फजरची नमाज झाली की ती रेडिओ लावायची, आणि भक्तिगीतांत कधी लताबाईंच्या आवाजात 'मोगरा फुलला' लागायचे, कधी 'पैल तो गे काऊ'. अम्मीला कोणी सांगितले नव्हते की हे ज्ञानेश्वरांचे आहे. तिला ते एका बाईचे गाणे वाटायचे. कोणीतरी कावळ्याला विचारते आहे की माझे माणूस कधी येईल. अब्बांची गाडी उशिरा यायची तेव्हा अम्मी तेच गुणगुणत दारात उभी राहायची.

तिचे काही चुकले नव्हते. ज्ञानेश्वरांच्या या रचनांना विरहिणी म्हणतात. त्यांत बोलणारी स्त्रीच आहे. वारकरी भजनात जेव्हा पन्नास पुरुष टाळ वाजवत विरहिणी म्हणतात तेव्हा त्या बाईचा एकटेपणा थोडा बाजूला पडतो. देवाची ओढ उरते, दारात उभी असलेली बाई दिसत नाही. हृदयनाथांनी ती परत आणली. त्यांनी समूह काढून टाकला, ठेका मागे ढकलला, आणि एका आवाजाला मोकळी जागा दिली. 'मोगरा फुलला'ची चाल ऐकताना जाणवते की ती घाईने कुठे पोहोचू बघत नाही. एका सुरावर थांबते, आजूबाजूला पाहते, मग पुढचे पाऊल.

हे थांबणे त्यांनी कोणाकडून घेतले? हृदयनाथ हे इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे शागीर्द. ज्यांनी खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल ऐकला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. श्रोत्याला टाळी वाजवायला लावण्याची त्यांना हौस नव्हती. सूर एकेक करून, उलटसुलट क्रमाने, जणू तसबीह फिरवावी तसा ते उलगडत. आता लताबाईंकडे पाहा. मुंबईत त्यांनी ज्यांच्याकडे तालीम घेतली त्यांत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ होते. आणि अमीर खाँसाहेबांच्या गाण्यावर ज्यांचा प्रभाव सांगतात त्यांत हेच अमान अली खाँही आहेत. म्हणजे भावाची तालीम आणि बहिणीची तालीम मागे जाऊन एकाच भेंडीबाजारात भेटते. नेवाशाच्या कवीचे शब्द, मंगेशीच्या घराण्याचे बहीण-भाऊ आणि त्यांच्या गळ्यात-डोक्यात दोन उस्तादांची शिकवण. मुलीच्या शाळेत पसायदानाची जी चाल म्हणतात ती याच भाऊ-बहिणीच्या पसायदानाच्या वळणाने जाणारी आहे, फक्त मुलांच्या गळ्याला सोपी केलेली. "आपल्यात बसतं का" म्हणणाऱ्या माझ्या नातेवाइकाला हे सांगायचे राहून गेले.

याला कोणी 'मुसलमानांचे योगदान' म्हणू नये अशी माझी विनंती आहे. तो शब्द मला आवडत नाही. योगदान बाहेरचा माणूस देतो, वर्गणीसारखे. खाँसाहेब लोक बाहेरचे नव्हते. मिरजेला जाऊन पाहा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) तिथे स्थायिक झाले, तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी गवई हजेरी लावतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींवर अभंग गायले आणि 'संतवाणी'ने महाराष्ट्र पिंजून काढला. तिकीट काढून हजारो माणसे अभंग ऐकायला बसली. त्या आवाजाच्या मुळाशी करीम खाँसाहेबांनी घोटवलेला षड्ज होता. भाकरी कोणाच्या जात्यावरच्या पिठाची हे खाताना कोणी विचारत नाही, पण जात्याची कोणी हेटाळणी करू लागला तर मात्र सांगावे लागते.

एक खंत मात्र आहे, आणि खरे तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

नेवासे जिल्ह्याच्या एका अंगाला, श्रीगोंदे दुसऱ्या अंगाला. श्रीगोंद्याला शेख महंमद यांचे ठिकाण आहे. कोणी त्याला मंदिर म्हणतात, कोणी दर्गा. शेख महंमद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात होऊन गेले. सूफी परंपरेतल्या चांद बोधल्यांचे ते शिष्य. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही याच चांद बोधल्यांचे शिष्य असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली त्यांचे आणि शेख महंमदांचे गुरुघराणे एक. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे शेख महंमदांना मानत आणि त्यांनी श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असेही सांगतात. 'योगसंग्राम' हा त्यांचा मोठा ग्रंथ, अठरा प्रसंगांचा, ओवीबद्ध. शिवाय 'पवनविजय', 'निष्कलंक प्रबोध', आणि मराठी-हिंदुस्तानी अभंग व पदे. जन्माने अविंध असूनही हृदयात गोविंद आहे, असे ते स्वतःविषयी सांगतात. लपवाछपवी काही नाही. वा. सी. बेंद्रे यांनी 1959 मध्ये 'योगसंग्राम' आणि नंतर त्यांचा कवितासंग्रह संपादित करून छापला नसता तर आपल्यापैकी कितीजणांना हे नाव ठाऊक असते? रा. चिं. ढेरे आणि यू. म. पठाण यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिले तेव्हा कुठे विद्यापीठांतून थोडी चर्चा झाली.

शेख महंमद नुसते ग्रंथकर्ते नव्हते, कीर्तन करत. आपल्या राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महीपतींनी (1715–1790) 'भक्तविजय'मध्ये त्यांना मानाचे स्थान दिले. त्यांच्याबद्दलची आख्यायिका अशी: श्रीगोंद्यात कीर्तन रंगात आलेले असताना शेख महंमदांनी एकाएकी हात वर करून काहीतरी विझवल्यासारखे केले. तळहात काळे झाले. लोकांनी विचारले तर म्हणाले, देहूला तुकोबांच्या कीर्तनात मांडवाला आग लागली होती, ती विझवली. चौकशी केली तेव्हा तसेच घडले होते. आख्यायिकेला पुरावा मागू नये. पण ती काय सांगते ते पाहावे. देहूचे कीर्तन आणि श्रीगोंद्याचे कीर्तन हे एकच कीर्तन आहे असे तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना वाटत होते.

मग पुढे काय झाले? तुकोबांना भोळे मिळाले, खळे मिळाले, लताबाई आणि भीमसेन मिळाले. ज्ञानेश्वरांना हृदयनाथ मिळाले. नामदेव, चोखोबा, सोयराबाई, जनाबाई यांना किती उत्तमोत्तम चाली लागल्या. मी पन्नाशीला आलो. इतकी वर्षे रेडिओ ऐकला, कॅसेटी जमवल्या, संतवाणीचे कार्यक्रम पाहिले. शेख महंमदांचे एक पद मी रेडिओवर ऐकल्याचे मला आठवत नाही. श्रीगोंद्यात त्यांची पदे भजनात म्हणतात, ते वेगळे. तालुक्याच्या बाहेर ती चाल पोहोचली नाही.

कारणे शोधली तर एकच सापडत नाही. शेख महंमदांची भाषा कठीण आहे, योगाच्या परिभाषेने भरलेली, हे खरे. पण ज्ञानेश्वरांचीही सोपी कुठे आहे? हिंदू श्रोत्याला मुसलमान संताचे नाव अभंगाच्या शेवटच्या ओळीत ऐकायला अडचण होत असेल का? कबीरांच्या बाबतीत तर होत नाही. कुमार गंधर्वांनी कबीर घराघरांत नेला. मला वाटते दोष बराचसा आपला आहे. मराठी मुसलमानांनी शेख महंमदांना 'त्यांचे' समजून सोडून दिले. आपल्या मुशायऱ्यांत मीर-गालिबच्या गझला होतात, उरुसात कव्वालीची पार्टी बाहेरून येते, तिला बिदागी दिली जाते, आणि कव्वाल उर्दू-पंजाबी कलाम गातात. हे वाईट नाही. पण कव्वालाला कोणी कधी "शेख महंमदांचे एक पद घ्या" अशी फर्माइश केल्याचे मी पाहिले नाही. आणि ज्या मंडळींना समाच मंजूर नाही त्यांना तर हा विषयच नको. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त एवढेच सांगेन की आपल्याच दख्खनमध्ये खुलदाबादला निजलेले बुऱ्हानुद्दीन गरीब समाचे मोठे चाहते होते, आणि ते शेख महंमदांच्या दोन-अडीचशे वर्षे आधीचे.

कवितेला चाल लागली नाही म्हणजे ती मरत नाही. ग्रंथालयात राहते. पण मुलांच्या तोंडी जात नाही, आणि दारात उभ्या असलेल्या बाईच्या ओठांवर येत नाही.

गेल्या रमजाननंतर माझा चुलतभाऊ घरी आला होता. तो पेटी वाजवतो. गावच्या भजनी मंडळाला साथ करतो, लग्नात बँडबरोबरही जातो. मी त्याच्यासमोर बेंद्र्यांनी छापलेले शेख महंमदांचे अभंग ठेवले आणि म्हणालो, "याला चाल लाव." त्याने दोनदा वाचले, बोटांवर अक्षरे मोजली. सहा, सहा, सहा, चार. म्हणाला, "भाई, लावायची काय, ही आहेच की." आणि तुकोबांच्या एका अभंगाची आमच्या गावातली जुनी चाल त्याने जशीच्या तशी सुरू केली. पहिले कडवे जरा अडखळत गेले, कारण एका शब्दाचा अर्थ आम्हा दोघांनाही लागेना. दुसऱ्यापासून बसले. मुलगी आतून आली आणि ध्रुपद तिसऱ्यांदा आले तेव्हा तिने धरले. अम्मी खुर्चीत बसल्या बसल्या मान हलवत होती. आता तिला ऐकू कमी येते. शेवटच्या ओळीत शेख महंमद हे नाव आले तेव्हा तिने विचारले, "कोण, आपलाच का कोणी?"

चुलतभाऊ पेटीवर होता, त्याने नुसती मान डोलावली. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केले आहे. साडेचार मिनिटे आहे. मधे कुकरची शिट्टी ऐकू येते.